खिडकीतला लाल रंग

सोलापुरात पीएच.डी. करत होते, त्या वर्षी सरांनी बी.एस्सी.ची एक मुलगी प्रोजेक्टसाठी माझ्याकडे सोपवली. अकलूजजवळच्या श्रीपूरची. वडील साखर कारखान्यात कामाला. सुरुवातीला काही विचारलं की नुसती मान हलवायची.

टॉवेल रंगवून उरलेल्या पाण्यातला रंग जिवाणू खातात का, हे आम्ही बघत होतो. लाल पाण्याचे दोन फ्लास्क भरले. एकात जिवाणू सोडले, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवला. इन्क्युबेटरमध्ये जागा नव्हती, म्हणून दोन्ही खिडकीत.

एका दुपारी ती मला कँटीनमध्ये शोधत आली. "ताई, चला की. रंग गेलाय."

खरंच, जिवाणूंचा फ्लास्क जवळजवळ पांढरा पडला होता. मी मनातल्या मनात सरांना बातमी सांगूनही टाकली. ती मात्र दुसऱ्या फ्लास्ककडे बघत होती.

"ह्यो बी फिका झालाय, ताई. ह्यात तर काईच घातलं न्हाय. उनानं तर न्हाय?"

मी खुर्चीत बसले. सोलापूरचं ऊन, ते काय सोडणार होतं?

"म्हंजे सगळं वाया गेलं?" तिनं विचारलं.

"वाया नाही. अर्धं काम ऊन करत होतं, एवढं कळलं."

तिनं काळा कागद आणला आणि नवे फ्लास्क गुंडाळून ठेवले. या वेळी रंग फार सावकाश उतरला, पण जिवाणू होते तिथेच उतरला. दुसरा फ्लास्क लालच राहिला.

सादरीकरणाच्या दिवशी तिला इंग्रजीची धास्ती वाटत होती. सरांनी मराठीत बोलायची मुभा दिली, तेव्हा तिनं आधी आमचा फसलेला प्रयोगच सांगितला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "उन्हाचं कुणाच्या लक्षात आलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आमच्या दोघींच्या."

"नाही सर," मी उठून म्हणाले, "हिच्या एकटीच्या."

नंतर प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. ती इतकं बोलत होती की तिची अकलूजची एसटी चुकली. आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत बसलो.

आता मी कॉलेजात शिकवते, प्रोजेक्टची मुलं दर वर्षी येतात. त्यांच्याशी बोलता बोलता मध्येच पायरीवरची ती दुपार आठवते, आणि पुन्हा विद्यार्थी व्हावंसं वाटतं.