मास्तरणीची उरलेली किडनी

शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. ही बाई, म्हणून मास्तरीण. तोंडाने फटकळ, पण धाकट्या भावावर जीव टाकणारी. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा नातेवाईक एकमेकांची तोंडं बघत राहिले. "माझी घ्या. माणसाचं एकीवर भागतं," म्हणून हिने आपली दिली. भाऊ जगला, लग्न केलं, मुलीचा बाप झाला. त्यालाही बरीच वर्षं लोटली.

मग एका सकाळी मास्तरणीला लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून तिने अंगावर काढलं. पुन्हा गेलं तेव्हा भावाने ओढतच तपासायला नेलं. उरलेल्या त्या एकुलत्या किडनीत गाठ निघाली. कॅन्सरची.

सर्जनने कागदावर चित्र काढलं. "गाठ लहान आणि कडेला असती तर सुई घालून गोठवली असती, नाहीतर जाळली असती. ही मधोमध आहे, मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेली. आता एकतर गाठीपुरतं कापून बाकीची किडनी राखायची. त्यात रक्तस्रावाची भीती. नाहीतर अख्खी काढायची, आणि मग डायलिसिस."

"नुसतं थांबून बघितलं तर?" मास्तरणीने विचारलं.

"एवढ्या मोठ्या गाठीला नाही थांबता येत."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टर, हिची किडनी माझ्यात आहे. ती हिला परत बसवा ना."

"तसं करता येत नाही. तुम्ही कशावर जगाल?"

"गप रे!" मास्तरीण खेकसली. "लग्नात दिलेलं पातेलंसुद्धा परत मागणारी आपली आत्या आहे का मी?"

सर्जनला हसू आलं. भावाला नाही.

"राखता येईल तेवढी राखा," एवढं सांगून ती ऑपरेशनला गेली. दुपारी सर्जन घाईघाईने बाहेर आला. "रक्त थांबत नाहीये. किडनी वाचवत बसलो तर बाई हातची जाईल." भावाने मान डोलावली.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "किती राहिली?"

"काहीच नाही, ताई. मीच हो म्हणालो."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावरही कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

कापड बेतायच्या टेबलाशी दिवसभर उभं राहणं आता जमेना. कारखान्याने दुसरा मास्तर ठेवला. दिवसाआड डायलिसिस, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. तहानेने जीभ टाळूला चिकटते. न्यायला-आणायला भाऊच असतो. एकदा जिना उतरताना ती म्हणाली, "हो म्हणायला नको होतंस."

"मग काय करायचं होतं मी?"

ती कठडा धरून पुढची पायरी उतरली.

डायलिसिस संपलं की तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात. तो खाली बसून चोळत राहतो. ती डोळे मिटून घेते. पाय मात्र आता मागे घेत नाही.