टाकीतला नायक

भावसिंग नायकांवाचून तांड्याचं काही अडत नव्हतं, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. दिग्रसजवळच्या त्या बंजारा तांड्याचे ते नायक, म्हणजे मुख्य, आणि तीस वर्षं प्रत्येक भांडण त्यांच्यासमोर यायचं. बांध कोरल्याचं, शेळीनं तूर खाल्ल्याचं, सून माहेरी बसल्याचं. लिंबाखाली पंचायत बसायची आणि नायक बोलले की विषय संपायचा. आता लोक सरळ पोलीस ठाण्यात जातात, नाहीतर मोबाइलवर एकमेकांना शिव्या धाडून मोकळे होतात. नायकपण उरलं, काम गेलं.

रिकामा माणूस घरात खोड्या काढतो. भाजीत मीठ जास्त, चूल धुरकट, सगळं नायकांना दिसायला लागलं तेव्हा बायकोनं, बिजलीबाईनं, त्यांना लेकीच्या दुकानात पिटाळलं. वर्षाचं दुकान दिग्रसच्या बस स्टँडजवळ. मासे विकायचे, तेही खायला नाही, बघायला, हे नायकांना पहिले सहा महिने पटलंच नाही. मग ते रोज सकाळच्या गाडीनं यायला लागले, काचा पुसायला लागले, आणि संध्याकाळी घरी जाऊन बिजलीबाईला माशांच्या खोड्या सांगायला लागले.

अशात वर्षाला मोठं काम मिळालं. लहान मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर दिपाली मॅडमना चार फुटी टाकी हवी होती. लेकरं सुईच्या भीतीनं रडतात, मासे बघत गप्प बसतील, असा हिशोब. अट एकच, टाकीत मारामारी नको.

वर्षानं सिक्लिड निवडले. सिक्लिड हे माशांचं मोठं घराणं. त्यात झुलत चालणारे एंजल आहेत, वाळूत तोंड घालून आपल्यापुरतं शोधून खाणारे रॅम आहेत, आणि दिसेल त्याला फाडणारे गुंडही आहेत. कोणाचं कोणाशी जमतं याचा आठ दिवस अभ्यास करून तिनं पाच एंजल आणि चार रॅम घेतले. टाकी दुकानातच लावली. मासे एकमेकांना सरावले की ती दवाखान्यात न्यायची होती.

वर्षा टाकीत लावायची झाडं आणायला यवतमाळला गेली आणि नायक टाकीपुढे बसले. त्यांना एक गोष्ट खटकली. नऊ जण, आणि मुख्य कोणी नाही. नायकाविना तांडा म्हणजे बेवारस गुरं. शेजारच्या टाकीत फ्लॉवरहॉर्न एकटाच फिरत होता. धिप्पाड, लालबुंद, कपाळावर हे एवढं टेंगूळ, पागोटं बांधल्यासारखं. तोही सिक्लिडच, म्हणजे घराण्यातलाच. नायकांनी त्याला जाळीत धरला आणि मोठ्या टाकीत सोडला. सोडताना त्याला दोन शब्द सांगितले म्हणतात. खरंखोटं त्या माशाला ठाऊक.

वर्षा चारला परतली तेव्हा तीन एंजल मरून वर तरंगत होते, चौथ्याचे पर फाटले होते आणि रॅम दगडाखाली दडून बसले होते. नायक घाबरून टाकीपासून लांब उभे होते.

“बा, मले न विचारता काहून टाकला त्याले?”

“मुख्य पायजे ना कोनी. त्याच्याबिगर वस्ती कशी चालंन?”

“तो नायक नोहे, बा. त्याले दुसरं कोनी खपतच नाई. म्हून तर एकटा ठेवला होता.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “उद्यापासून तू घरीच राह्य.”

नायकांना लाज वाटली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका त्यांच्या पदरात घालणाऱ्या माणसाला स्वतःची चूक घेऊन गाडीत बसणं जड गेलं. घरी बिजलीबाईनं वाढलेलं ताट त्यांनी तसंच सरकवलं. मासे मेले याचं वाईट होतंच, पण आता आपण कुठंच कामाचे नाही, हे जास्त लागलं.

सकाळी मात्र ते आले. “हात लावत नाई. निस्ता पाह्यतो,” म्हणाले. लोकांसमोर बापाला परत कसं पाठवायचं म्हणून वर्षानं स्टूल दिलं. तिनं नवे एंजल आणून सोडले होते. फ्लॉवरहॉर्न आपल्या टाकीत परत गेला होता. तरीही शांतता नव्हती. आता दोन रॅमच एकमेकांच्या मागे लागले होते. वर्षानं पाणी बदललं, खाणं दोनदा दिलं, तरी ते थांबेनात. दवाखान्यात टाकी न्यायला चार दिवस उरले होते.

नायक तीन दिवस काचेपुढे बसले. चहा गार व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी घसा खाकरला.

“वर्षा, सांगू का? नाई पटलं तर सोडून दे.”

“सांग.”

“त्या दोघाईतला मोठा रॅम दुष्ट नाई. त्या चपट्या दगडाले आपलं घर समजते. तिथून दुसरा दिसला का धावते, नाई दिसला का चूप राह्यते. मी पंचायतीत भांडनाऱ्याईले कधी समोरासमोर नाई बसोलं. दोघाईची तोंडं माह्याकडे. एकमेकाचं थोबाड दिसलं का निम्मं भांडन तिथंच पेटते.”

वर्षानं बापाकडे पाहिलं, मग टाकीकडे. बाह्या वर करून तिनं मधोमध लाकडाचा ओंडका उभा केला, त्याला उंच झाडं लावली आणि पलीकडे दुसरा चपटा दगड ठेवला. दुपारपर्यंत एक रॅम इकडे, दुसरा तिकडे. दोघांचंही वाळू चाळणं सुरू झालं.

टाकी ठरल्या दिवशी दवाखान्यात गेली. महिना झाला, एकही मासा गेला नाही. लेकरं सुई टोचताना रडतातच, पण आधी रडत नाहीत, असं मॅडम सांगतात.

परवा पुसदचा रजत नावाचा एक जण दुकानात आला. त्याला घरासाठी टाकी हवी होती, बरेच मासे एकत्र राहतील अशी. वर्षा पाइप जोडत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, “कोनाचं कोनासंगं जमते ते बाले विचारा. आमच्या इथं मासे बाच निवडते.”

 नायकांनी स्टूल पुढे ओढलं, पुसदच्या माणसाला समोर नाही, शेजारी बसवलं आणि विचारलं, “पयले सांगा, घरात मानसं किती अन् भांडते कोन?”