अम्मानमध्ये मी ताटात टाकायला शिकले

स्वारगेटहून मुंबई विमानतळाच्या बसमध्ये बसलो तेव्हाच आमच्या पाळकसाहेबांनी नियम सांगून टाकला. आपण जॉर्डनला निर्वासितांची सेवा करायला चाललो आहोत, पाहुणचार झोडायला नाही; त्यांच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आमच्या चर्चमधले आम्ही पाच जण आठवडाभरासाठी निघालो होतो. आमचे हे, विल्यमराव, मुकाट्याने हो म्हणाले. खाण्याच्या बाबतीत या माणसाने आजवर कुणाचं ऐकलेलं नाही, त्यामुळे मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली.

अम्मान म्हणजे टेकड्याच टेकड्या, आणि घरं सगळी एकाच पांढुरक्या दगडाची. पहिल्याच संध्याकाळी विल्यमराव पाय मोकळे करायला गेले आणि भलत्याच घराच्या दारात बूट काढून मोकळे झाले. त्या मंडळींनी त्यांना चहा पाजला, वर खजूर खिलवले आणि गाडीने आणून सोडलं. ती मंडळी निर्वासित नसल्यामुळे नियम मोडला असं धरू नये, असं ह्यांचं म्हणणं पडलं. पाळकसाहेबांनी ते मान्य केलं, पण खजूर कसे होते हे विचारलं नाही.

तिथली थंडी मात्र हाडात शिरते. आमचं काम होतं सोबा (खोलीत ठेवायची गॅसची शेगडी) घरोघर पोचवण्याचं. तिथल्या चर्चमधली राणा नावाची शिक्षिका दुभाषी म्हणून आमच्यासोबत होती. पहिलं घर उम्म समीरचं, म्हणजे समीरच्या आईचं. समीर कामासाठी दूरच्या गावी होता. ती सीरियातून आलेली, एका खोलीत म्हाताऱ्या आईला घेऊन राहत होती. आई दोन रजयांखाली खोकत पडली होती. आम्ही शेगडी ठेवली, तेवढ्यात उम्म समीर कॉफीचा ट्रे घेऊन आली. आम्ही पाचही जण एका सुरात म्हणालो, नको नको, आत्ताच घेऊन आलो. पुण्यात या वाक्याचा कुणाला राग येत नाही. उलट यजमानाला सुटल्यासारखं होतं. उम्म समीर ट्रे घेऊन मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी शेगडी चर्चच्या दारात परत आलेली होती.

राणा आमच्यावर भडकलीच. ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही तिची कॉफी नाकारली. मग तिने तुमची शेगडी का घ्यावी? ती भिकारी आहे का?"

त्या आठवड्यात थंडी आणखी वाढणार होती. म्हातारीचा खोकला माझ्या कानातून जाईना. पाळकसाहेबांनी बराच वेळ प्रार्थना केली आणि नियम मागे घेतला. देवाने नेमकं काय सांगितलं ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. विल्यमराव मात्र लगेच बूट चढवायला लागले.

राणाने मध्यस्थी करून उम्म समीरकडे जेवणाचं ठरवलं. शेगडी आम्ही पुन्हा सोबत नेली आणि गुपचूप दाराजवळ ठेवली. तिने मक्लूबा (वांगी आणि चिकन घातलेला भात, पातेलं उपडं करून वाढतात) केला होता. चव अशी की मी बोलायची थांबले, आणि हे सहसा होत नाही. आता आमच्या आईची शिकवण अशी की ताटात शीतसुद्धा टाकायचं नाही. मी ताट लख्ख केलं. उम्म समीरने ते पुन्हा भरलं. मी पुन्हा लख्ख केलं. तिने पुन्हा भरलं, आणि या खेपेला माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं. ताट रिकामं म्हणजे पाहुणी उपाशी, ही तिची समजूत. वाढलं म्हणजे संपवायचं, ही माझी. दोघीही चांगल्या वळणाच्या, त्यामुळे माघार कुणीच घेईना. विल्यमरावांनी पट्टा सैल केला होता. पाळकसाहेब डोळे मिटून बसले होते, बहुधा प्रार्थना चालली असावी.

मग पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. राणा माझ्या कानाशी लागली. "थोडं टाका हो ताटात. नाहीतर ती आता शेजारून मागून आणेल."

जन्मभर शाळेत पोरांचे डबे तपासून 'संपव आधी' म्हणणाऱ्या मी वांग्याची एक फोड आणि चार शितं बाजूला सारली. जिवावर आलं अगदी. उम्म समीरने ताटाकडे पाहिलं आणि तिचा डाव थांबला. मग कॉफी आली. राणाने शिकवल्याप्रमाणे रिकामा कप परत देताना मी म्हणाले, "दायमे" (तुमच्या घरी हे असंच कायम असो).

उम्म समीर माझ्या उच्चाराला खूप हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. ती जे बोलली ते राणाने आम्हाला सांगितलं: "माझ्या घरी रोज कुणीतरी हे म्हणायचं. इथे आल्यापासून आज पहिल्यांदा ऐकलं."

मग तिने स्वतःच दाराजवळची शेगडी ओढत आईच्या पायाशी नेली. विल्यमराव ती पेटवायला मोठ्या रुबाबात पुढे झाले आणि त्यांनी निम्मी काडेपेटी संपवली. शेवटी उम्म समीरनेच ती पेटवली. म्हातारीने रजईतून हात बाहेर काढून शेकायला धरले, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

पुण्याला परतल्यावर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं, रूथताई, आपण तिथे काय सेवा केलीत? मी म्हणाले, जेवले. सगळे हसले, विल्यमराव सर्वांत मोठ्याने. हसू देत. शेगडी काय, ती कुणीही पोचवली असती. उम्म समीरच्या घरी खूप दिवसांत पाहुणे आले नव्हते, आणि पाहुणं मात्र कुणाला तरी व्हावंच लागणार होतं.