खंदकातला महाराष्ट्र

“गाव कुठलं, राव?” पिंपरीच्या आमच्या कारखान्यात नवा माणूस आला की गेटवरचे वॉचमनदादा त्याला आधी हेच विचारायचे. मग काठीने मातीत महाराष्ट्राचा नकाशा काढायचे आणि त्याच्या गावाच्या जागी एक खडा ठेवायचे. त्यांच्या महाराष्ट्राला खानदेशाच्या बाजूने चांगलंच पोट सुटलेलं असे. आम्ही हसायचो. संध्याकाळी शिफ्ट सुटली की सगळ्यांचे पाय तो नकाशा तुडवून जात आणि सकाळी ते सगळ्यांच्या खड्यांसकट पुन्हा काढत.

ते दिघीचे, पलटणीतून परतलेले. हे वेड त्यांना दुसऱ्या महायुद्धात, इटलीत लागलं. तोवर त्यांना साताराही परमुलूख वाटायचा. तिथे खंदकात कोकणातला, वऱ्हाडातला, बेळगावकडचा असे सगळे एकत्र आले. कुणीतरी मातीत रेघ ओढली आणि ज्याने त्याने आपापल्या गावाचा खडा ठेवला.

“आमचा म्हाराष्ट्र तिथं झाला. पुढाऱ्यांनी न्हाई केला,” ते म्हणत.

बेळगावकडचा त्यांचा जिवलग दोस्त त्याच खंदकात, त्यांच्या शेजारी मेला. त्याच्या गावाचा खडा ते सगळ्यांत आधी ठेवत.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि दोस्ताचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यांनी जेवण टाकलं. मग मनाशी ठरवलं, संयुक्त महाराष्ट्राच्या पुण्यातल्या मोर्चात दोस्ताचा फोटो छातीशी धरून चालायचं. तो मराठी मुलखासाठी मेला, हे लोकांना कळायला हवं. एकुलता एक फोटो होता त्याच्या आईपाशी. तो आणायला जाताना त्यांनी मलाही सोबत घेतलं. मी तेव्हा सभांतून भाषणं ठोकत असे, त्यामुळे फारच हरखलो.

म्हातारी शेजारणीशी कानडीत बोलत होती. आम्हाला पाहून मराठीत “या” म्हणाली. ‘तिकडे घराघरांत फक्त मराठी’ हे माझ्या भाषणातलं वाक्य मी मनातल्या मनात खोडलं. वॉचमनदादांना त्या कानडीचं नवल नव्हतं, ते दरसाल तिला भेटायला येत. तिने भाकरी वाढली, दोस्ताच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या. मग त्यांनी चाचरत फोटो मागितला.

ती भिंतीवरच्या फोटोकडे वळली. “पयल्यांदा सायबानं न्हेलं त्याला लढाईला. आता तू न्हेतोस मोर्चाला. मला कुणी इचारलं?” आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तुजं राज्य तू घिऊन जा, बाबा. पोरगं माजं हितंच ऱ्हाऊ दे.”

एवढा आडदांड गडी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

परतताना गाडीत ते एकदाच बोलले. “मंग त्यो कशापायी मेला? तुमी शिकलेलं हाय, सांगा की.”

ते मोर्चाला गेले नाहीत. गेटवर गाव विचारणं चालूच राहिलं, पण मातीत आता नुसते खडे असत. रेघ त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीच, एका सकाळी खडे मांडून झाल्यावर ते गेटवरच कोसळले आणि गेले. त्या संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा सगळे खड्यांना वळसा घालून गेले. सगळ्यांच्या मागे मी होतो. दोस्ताच्या गावाचा खडा मी उचलून खिशात टाकला. तो कुठे ठेवायचा, हे मला अजून कळलेलं नाही.