पट्टा ओढून बघणारे कॅप्टन

समोर कोणीही आलं, की नमस्काराच्या आधी त्यांचा हात पुढे यायचा आणि तुमच्या अंगावर जो काही पट्टा असेल तो ओढून बघायचा. हेल्मेटचा, दप्तराचा, गळ्यातल्या ओळखपत्राचा. पट्टा नीट बसलेला असला, तर "हां" म्हणून ते पुढे जायचे. ढिला निघाला, तर माणसाला तिथेच उभं करून घट्ट करायचे. मग तो प्राचार्य असो, नाहीतर पाण्याचे जार आणणारा. एका सहकाऱ्याच्या लग्नात ते स्टेजवर गेले आणि आहेराचं पाकीट देण्याआधी त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्यांची गाठ ओढून पाहिली. गाठ सुटली. नवरीकडची मंडळी अजून त्यांचं नाव काढतात.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तो लांबून दिसला की तुम्ही जिना बदलत असाल. आम्हीही बदलायचो.

आमचं कॉलेज नाशिकचं, गंगापूर रोडवरचं. संस्थेचे अध्यक्ष एकदा परदेशी जाऊन आले. तिथल्या कुठल्याशा कॉलेजाच्या मालकीच्या बोटी त्यांनी पाहिल्या आणि परत आल्यावर पहिल्याच सभेत जाहीर केलं की आपल्याकडेही सागरी शिक्षण सुरू करायचं. नाशिकला सागर नाही, ही अडचण सभेत कोणी मांडली नाही. मांडणार कोण? सगळ्यांचीच वेतनश्रेणी ठरायची होती. उलट एकाने सिंहस्थ जवळ आल्याची आठवण करून दिली, बोटींचा उपयोगच होईल म्हणाला आणि टाळ्या मिळवल्या. अशा रीतीने 'सागरी शिक्षण व लोकनौकानयन विभाग' जन्माला आला. पाटी एवढी लांब झाली, की ती दारावर मावेना, म्हणून अर्धी खिडकीवर लावली.

विभागप्रमुख म्हणून हे आले. बागलाणातल्या नामपूरचे. कांद्याच्या मुलखातला माणूस बोटीवर कसा गेला, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, पण उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली होती हे खरं. अध्यक्षांनी परस्पर त्यांना 'कॅप्टन' करून टाकलं. ते प्रत्येकाला सांगायचे, "कॅप्टन नाही हो, मी खाली इंजिनात होतो." पण पाटी रंगवून झाली होती. मुलं उत्साहाने विचारायची, "सर, भर समुद्रात समुद्र कसा दिसतो?"

"दिसत नाही," ते म्हणायचे. "गरम लागतो. आणि आवाज फार."

मला त्यांचा सहसमन्वयक नेमण्यात आलं. मी भूगोल शिकवतो. प्राचार्यांचं म्हणणं, भूगोलात पाणी येतं.

बोटी आल्या त्या परवानगीच्या आधी. एक मोठी, सहा माणसांची, फायबरची. बाकी चार एकेकट्या माणसाच्या. धरणाच्या फुगवट्यावर उतरवायच्या, तर तिथलं पाणी एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा, काठाकडे जाणारी वाट तिसऱ्याची, आणि पाण्यातले मासे एका ठेकेदाराचे. तोवर बोटी व्हॉलीबॉलच्या मैदानात ठेवल्या. दुसरा कोणी असता तर गप्प बसून पगार घेता. यांनी तिथेच वर्ग भरवला. वल्ही अजून पोचली नव्हती, म्हणून शिपायांकडून लांब दांड्याचे झाडू घेतले. भर दुपारी मुलं कोरड्या मैदानात बोटीत बसून झाडूने वल्हवतायत आणि हे बाजूला उभं राहून "डावीकडून जोर!" असं ओरडतायत, हे दृश्य बघायला शेजारच्या कॉलेजातून गर्दी यायची. परीक्षाही तशीच झाली. दोन मुलं नापास झाली. पुढे वर्षभर आम्ही विचार करत होतो की कोरड्यावर नापास व्हायला नेमकं काय करावं लागतं. त्यांनी उत्तर दिलं, "लाइफ जॅकेटचा पट्टा न लावता बसली होती."

एकदा कॅन्टीनमध्ये साबुदाणावडा खाता खाता मी सहज विचारलं, "सर, तुम्ही पोहायला कुठे शिकलात?"

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले.

माझा वडा हातातच राहिला. सागरी शिक्षणाच्या प्रमुखाला पोहता येत नाही! मी आजूबाजूला कोणी ऐकलं का ते पाहिलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "पोहणारा माणूस पाण्यात गंमत करतो," ते म्हणाले. "मी करत नाही. पानी शे भाऊ ते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एरवी स्वच्छ पुस्तकी बोलणारा हा गृहस्थ पाण्याचा विषय निघाला, की थेट नामपूरच्या बोलीत उतरायचा, 'आहे'चं 'शे' व्हायचं.

आता विभागाच्या नावातला 'लोक' हा शब्द. त्यासाठी लोक हवे होते. आम्ही गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. पहिल्या तुकडीत बरेच निवृत्त गृहस्थ आले, नवी हाफ पँट, गॉगल, डोक्यावर टोपी. बोटीत बसून फोटो काढले आणि मैदानात ऊन फार लागतं म्हणून पुन्हा फिरकले नाहीत.

दुसरी तुकडी त्यांनी स्वतः शोधली. परवानगीसाठी फुगवट्याच्या काठावर हेलपाटे घालताना त्यांना रोज पलीकडच्या पाड्यावरच्या बायका दिसायच्या. द्राक्षबागेत मजुरीला जायचं, तर रस्त्याने मोठा वळसा, म्हणून त्या एका जुन्या डोंग्यात दाटीवाटीने बसून पाणी ओलांडायच्या. डोंगा काठोकाठ बुडालेला, मांडीवर डबा, कमरेला विळा. हे काठावर उभे राहून हातवारे करायला लागले. बायकांना वाटलं, साहेबाला काही होतंय.

"अंगावर काही बांधत का नाही?" त्यांनी विचारलं.

डोंगा चालवणारी हौसाबाई हसली. "लहानपनापासून जातो सायेब आमी. पान्याची आन आमची वळख हाय."

"तुमले पानीनी वळख शे," हे म्हणाले, "पानीले तुमनी नही."

तेव्हापासून त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. परवानग्या आल्या, वल्ही आली आणि पाण्यावरचे वर्ग सुरू झाले. बायकांना वल्हवायला शिकवायची गरज नव्हतीच. एक दिवस हौसाबाईने त्यांनाच बोटीत घालून गरगर फिरवून आणलं, तर हे काठावर उतरल्यावर बराच वेळ झाड धरून उभे होते. बायका पदराआड हसत होत्या. शिकवायचं होतं ते लाइफ जॅकेट घालायला, आणि तेवढंच त्यांना नको होतं. उकडतं, गळ्याशी टोचतं, माणसं हसतात. कॅप्टननी भाषणं केली, चित्रं दाखवली. उपयोग शून्य. मग एकीच्या लक्षात आलं की जॅकेटला कप्पा आहे आणि त्यात मोबाईल कोरडा राहतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या जॅकेटं मागायला लागल्या. सुरक्षिततेवरची आपली सगळी व्याख्यानं एका कप्प्यापुढे हरली, हे त्यांना लागलं. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र काठावर उभं राहून एकेकीचा पट्टा ओढून बघत होते.

त्या डोंग्याचा तळ कुजलेला होता. हे त्यांनी मला दाखवलं, प्राचार्यांना दाखवलं, शेवटी अध्यक्षांना गाठलं. मोठी बोट आणि जॅकेटं पाड्याच्या काठावरच राहू द्या, एवढी एकच मागणी. अध्यक्षांना कल्पना आवडली. मूल्यांकनाची समिती येणार होती आणि अहवालात महिला कमी पडत होत्या. "उद्घाटनाला मी स्वतः त्या बोटीतून फेरी मारीन आणि तिथल्या तिथे बोट भगिनींना अर्पण करीन," असा शब्द त्यांनी दिला. कॅप्टन त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटत फिरले. आम्ही पेढे घेतले आणि नेहमीसारखी चेष्टा केली.

उद्घाटनाचा थाट काय सांगावा! काठावर मांडव, स्पीकर आणि मागे दहा मजली प्रवासी जहाजाचं चित्र असलेला फलक. मोठ्या बोटीला झेंडूच्या माळा. समोर नारिंगी जॅकेटं घातलेल्या बायकांची रांग, हौसाबाई पहिली. नारळ फोडण्यासाठी कॅप्टननी आदल्या दिवशीच एक चांगला दगड शोधून बोटीशेजारी ठेवला होता.

अध्यक्ष फेटा बांधून, खांद्यांवर नारिंगी जॅकेट टाकून आले. नारळ हातात घेतला आणि माइकवर म्हणाले, "परदेशात जहाजाच्या नाकावर बाटली फोडतात. आपली संस्कृती नारळाची आहे!" दगडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. नारळ उचलला आणि बोटीच्या नाकावर हाणला. फुटला नाही. लोक बघतायत म्हटल्यावर दुसरा फटका अंगातला सगळा जोर लावून दिला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, सनई लागली.

त्या गोंधळात कॅप्टन बोटीपाशी गुडघे टेकून बसले होते. ज्या माणसाने आयुष्य इंजिनाच्या आवाजात काढलं, त्याला तो दुसरा बारीक आवाज कसा ऐकू आला देव जाणे. माळा बाजूला करून ते अंगठा फिरवत होते. मीही वाकून पाहिलं. नाकापासून खाली, पाणी लागतं तिथवर, केसासारखी चीर गेली होती.

ते उठले. "ही बोट आज पाण्यात जाणार नाही."

प्राचार्य धावत आले. "अहो, दोन मिनिटांची फेरी आहे!"

"बुडायला तेवढी पुरतात."

बाकीच्या बोटी होत्या, पण त्यात एकच माणूस मावायचा, आणि अध्यक्षांचा एकट्याचा फोटो छापायची पद्धत आमच्याकडे नाही. अध्यक्ष जवळ आले. चेहरा हसरा ठेवून हळूच म्हणाले, "कॅप्टन, ही बोट आज पाण्यात गेली नाही, तर या काठावरही राहणार नाही. विचार करा."

मी शेजारीच होतो. कॅप्टननी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. हौसाबाईला काय चाललंय ते कळत नव्हतं, ती आपली कौतुकाने बोटीकडे बघत होती. त्यांना इतकं हडबडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता मान डोलावतील. फेरी काठाकाठानेच होती, काही झालंही नसतं कदाचित. खरं सांगतो, मीही मनात म्हणत होतो, जाऊ द्या ना सर.

त्यांचा हात पुढे आला आणि त्यांनी अध्यक्षांच्या जॅकेटचा पट्टा ओढला. पट्टा लावलेलाच नव्हता. जॅकेट हातात आलं.

"पानी शे भाऊ ते," ते म्हणाले.

अध्यक्षांना 'भाऊ'! मग कॅप्टनच समजावणीच्या सुरात म्हणाले, "साहेब, कोरड्यावर बसा. फोटो येईल. वर्षभर आम्ही पोरांना तसंच शिकवलंय."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण अध्यक्ष बसले. कार्यक्रम तर व्हायला हवा होता. पाण्यापासून हातभर अंतरावर, गवतात ठेवलेल्या बोटीत अध्यक्ष, प्राचार्य आणि दोन विश्वस्त वल्ही मारायला लागले. मागे पाणी यावं म्हणून फोटोग्राफर पालथा झोपला. कॅप्टन सवयीने ओरडले, "डावीकडून जोर!" तेवढ्यात पाड्यावरची एक शेळी आली, पुढचे पाय बोटीच्या नाकावर ठेवून उभी राहिली आणि झेंडूची माळ खायला लागली. बायकांमधून पहिलं हसू फुटलं, मग मांडवालाही आवरेना.

संध्याकाळपर्यंत तो फोटो नाशिकच्या यच्चयावत ग्रुपवर पोचला होता. अध्यक्ष जिवाच्या आकांताने वल्हवतायत आणि शेळी निवांत चरतेय.

पुढच्याच महिन्यात विभागाची 'पुनर्रचना' झाली. कॅप्टनचा करार वाढवला नाही. निरोपसमारंभाला शाल आणि श्रीफळ दिलं. त्यांनी तो नारळ माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "दगडावर फोडा." मग माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि नामपूरच्या एसटीला गेले. त्या दिवशी आम्ही कोणी जिना बदलला नाही.

छोट्या बोटी विकल्या. मोठी बोट अध्यक्षांच्या शब्दाप्रमाणे काठावरून उचलली. आता ती कॉलेजच्या फाटकात माती भरून ठेवलीय, त्यात सदाफुली लावलीय. मागे पाटी आहे, 'सेल्फी पॉइंट'. चिरेतून जास्तीचं पाणी आपोआप गळून जातं, त्यामुळे झाडं छान आलीत.

फक्त जॅकेटं परत आली नाहीत. उद्घाटनाच्या मांडवातून बायका ती अंगावर घालूनच घरी गेल्या होत्या आणि कॅप्टननी कोणाकडे मागितली नाहीत.

गेल्या आठवड्यात मी फुगवट्यावर गेलो होतो. डोंगा तोच, तळाला डांबर फासलेला. मजुरीला निघालेल्या बायका एकेक करून चढत होत्या आणि हौसाबाई प्रत्येकीचा पट्टा ओढून बघत होती. एक जण हसून काही म्हणाली, तर ही तिच्यावर डाफरली, "पानी शे भाऊ ते!" त्या बाजूला कोणी 'शे' म्हणत नाही. मला पाहून तिने हाक मारली, "सर, कॅप्टन कवा येनार?"

घरी येऊन नामपूरला फोन लावला. पलीकडे कांद्याच्या गोण्या चढवत असल्याचा गलका होता. मी त्यांना सगळं सांगितलं.

गलक्यातून त्यांचा आवाज आला, "ओढून बघते ना? नुसता हात लावून सोडत नाही ना?"

"ओढून बघते," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले आणि फोन ठेवला.