होडीत छत्री कुठे लावायची

धरणाच्या पाण्यावर माझी आणि माझ्या धाकट्या जावेची बरीच वर्षं गेली. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघे मासळीच्या ठेकेदाराच्या जाळ्यांवर राखण करायचे. आधी माझा गेला, पुढे तिचाही गेला. ठेकेदाराला दुसरा राखणदार मिळेना. पाण्यात बसून राहायला कोणाला आवडतं? तो म्हणाला, तुम्हीच बसा. आम्ही बसलो.

दुपार कलली की होडी घेऊन जाळ्यांपाशी जायचं. सकाळी जाळी ओढणारे आले की घरी यायचं. होडी लहान होती. मागच्या बाजूला पत्र्याचं अर्धं छप्पर. त्याखाली मी डाव्या अंगाला चुलीपाशी बसायची आणि ती उजव्या. मधल्या फळ्या गळत्या, तिथे पाणी साचायचं, म्हणून मधे कोणी बसत नसे.

मला मूलबाळ नाही. तिला एक मुलगी, मुरबाडला दिलेली. एका वर्षी ती मुलीकडून आली ती टीव्हीच्या गोष्टी घेऊनच.

"पोरीच्या घरावर टीव्हीची छत्री लावलीय, बाय. सरकारी. महिन्याचे पैसे नाय पडत. एक सून हाय त्या मालिकेत, सासूला कशी फिरवते, तू बघायला पायजे."

"तुला फिरवायला सून नाय, म्हणून तिची बघतेस का?"

"तुला तर जावई पण नाय."

आम्ही अशाच बोलायचो. त्याचं वाईट वाटायचं नाही. वाईट वाटलं ते पुढे. ती मुरबाडला जास्त जायला लागली. आधी सणाला जायची, मग बाजाराला गेली तरी तिकडे राहायला लागली. त्या दिवसांत मी पाण्यावर एकटी. राखण एकटीनेही होते. चोर होडी बघून परत जातो, आत माणसं किती ते मोजत नाही. पण डोंगराची सावली पाण्यावर आली की बोलायला कोणीतरी लागतं. झाडांशी नि पाण्याशी बोलणारी बाई मी नव्हे. मला वाटलं, ही अशीच एक दिवस तिकडे राहील ती मालिकेपायी. मग मालिकाच इथे आणावी.

तिच्या जावयाने घरी नवी छत्री घेतली होती. जुनी पडून होती. बॅटरीवर चालणारा एक लहान काळा-पांढरा टीव्हीही होता. मी निरोप धाडला. तो सगळं सामान घेऊन पाण्याच्या काठावर आला आणि होडी बघून हसायला लागला.

"मावशी, ही घरावर लावायची वस्तू. होडीत नाय चालायची."

"का नाय?"

"छत्रीचं तोंड एकाच जागेकडे पायजे. सिद्धगडाचा डोंगर त्या अंगाला ना? त्याच्या जरा डावीकडं, वर आभाळात. बोटभर हललं की गेलं."

"आमी दोघी संध्याकाळच्या पाण्यावर. घरावर लावून काय कावळ्यांना दाखवू?"

त्याने तारा कशा जोडायच्या ते दाखवलं आणि गाडी पकडायला निघून गेला. होडीत काही चढला नाही.

पहिल्यांदा छत्री छपरावर बांधली. उंच असली की बरी, असं जाऊ म्हणाली. तिथे तिच्यात वारा भरला आणि होडी गोल फिरायला लागली. मग मागच्या टोकाला बांबू उभा करून त्यावर बांधली. तिथे छप्पर आडवं आलं, शिवाय वल्हं मारताना माझं डोकं दोनदा आपटलं.

"छत्रीला काय झालं नाय ना?" जाऊ म्हणाली.

"डोकं माझं फुटलंय."

"ते काय, आधीपासूनच."

शेवटी माझ्या लक्षात आलं. होडी कलली की तिच्यातलं सगळंच कलतं, वरचं काय आणि खालचं काय. उंचावर नुसता वारा जास्त. म्हणून छपराच्या पुढे, उघड्यावर, पुढच्या फळीवर अगदी खाली छत्री बसवली आणि तिच्या पायावर दगड ठेवले. धरणात बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याबाहेर उभी असतात. तशी दोन खोडं बघून होडीचं पुढचं टोक एकाला बांधलं, मागचं दुसऱ्याला. आता ती फिरेना. मी छत्री हलवायची, जाऊ छपराखाली टीव्हीपुढे.

"आलं का?"

"नाय."

"आता?"

"आलं! गेलं. काय केलंस?"

"काय नाय केलं. खोकले."

असं बरेच दिवस चाललं. आमचे नवरे असतानासुद्धा आम्ही एकमेकींशी एवढ्या बोललो नव्हतो. धरणाचं पाणी मुंबईला जातं, ते रोज खाली उतरतं, म्हणजे खोडावरच्या कालच्या गाठी उंच राहतात. दोर रोज नव्याने बांधायचे, रोज नव्याने ओरडायचं. पलीकडच्या पाड्यातली माणसं विचारायची, म्हाताऱ्या भांडतात का.

चित्र ठरलं तेव्हा दुसरीच गोष्ट कळली. दोघी आपापल्या अंगाला बसलो तरच ते राहायचं. मी भाकरी उलटायला पुढे झुकले की टीव्हीतल्या माणसांच्या तोंडांचे चौकोनी तुकडे व्हायचे. जाऊ ओरडायची, "बस खाली! सासू बोलतेय." तिने तंबाखूसाठी हात लांब केला की मी ओरडायची. दोघी दगडासारख्या बसून मालिका बघायचो. मला त्या सुनेत काही गोडी नव्हती. पण जाऊ रोज उजव्या अंगाला बसलेली असायची, त्या उन्हाळ्यात ती मुरबाडला फारशी गेली नाही. माझं काम झालं होतं.

मग तिच्या मुलीला दिवस गेले आणि ती काही दिवस तिकडे राहायला गेली. मी एकटीने टीव्ही लावला. होडी माझ्याकडे कललेली, चित्र कुठून येणार? मला मालिका बघायची नव्हती. पण टीव्ही बंद असला की ती नसल्याचं जास्त कळायचं. काठावरून पोतंभर वाळू आणली आणि तिच्या जागी ठेवली. थोडी काढली, थोडी घातली. चित्र आलं.

ती परत आली, होडीत पाय ठेवला आणि पोतं बघून थांबली.

"हे काय?"

"तू."

ती एवढी हसली की होडी हलायला लागली. "जरा जास्तच भरलीस गो मला." तिने पोतं ढकललं आणि जागेवर बसली. मालिका पुरी बघितली. संपल्यावर म्हणाली, "बाय, एक सांगू? पोरगी किती दिवस म्हणतेय, कायमची ये. मी नाय म्हणत होते. म्हटलं, तुझं एकटीचं कसं व्हायचं. तू टीव्हीसाठी एवढी धडपड केलीस, तवा तर मला जाववेना."

"टीव्ही तुला पायजे होता ना?"

"मला पोरीकडं होता की. इथं बसले ती तुला बघायचा होता म्हणून." तिने पोत्यावर हात मारला. "आता तुझं भागतंय. मी सुटले."

ती टाकून बोलली नाही. खरंच तिला मोकळं वाटत होतं, तिचं तोंड दिसत होतं मला. पोतं मी मालिकेसाठी ठेवलं नव्हतं, हे सांगता आलं असतं. मग ती राहिली असती. मुलीचं बाळंतपण सोडून एका म्हातारीबरोबर पाण्यावर राहिली असती. मी म्हटलं, "भागतंय की."

"बघ हां. मागून म्हणशील, गेली टाकून."

"तुला टाकायला कोण बसलंय? जा."

चार दिवसांनी मी तिला पलीकडच्या काठावर सोडायला नेलं, तिथून तिला शहापूरची जीप मिळायची, पुढे मुरबाडची गाडी. एक ट्रंक, एक गोधडी आणि सुकी मासळी. ती उजव्या अंगाला बसणार होती, म्हणून पोतं घरीच ठेवलं होतं. वाटेत ती मला मुलीच्या घराचा पत्ता सांगत राहिली. देवळाच्या मागे, निळं दार. मी तो विचारला नव्हता.

उतरल्यावर काठावरून म्हणाली, "बसायला ये."

"जाळी कोण बघेल?"

"मरू दे ती जाळी."

"जीप आली बघ," मी म्हटलं. ती ट्रंक घेऊन चढावर गेली. तिच्या गुडघ्यांना चढ सोसत नव्हता, दोनदा थांबली. मागे बघितलं नाही. मी जीप हलेपर्यंत थांबले, मग वल्हं घेतलं. वाऱ्याची झुळूक नव्हती, पाणी अगदी स्थिर. तरी जाळ्यांपाशी पोचेपर्यंत होडी वाटभर एका अंगावरच चालली.