सूर्यावरचं वादळ आणि माझा उलटा करार

सोमवारी सूर्यावर काहीतरी बिनसलं आणि इकडे नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावात मी अर्धा दिवस विधवा होऊन बसले. हसू नका... आधी ऐका.

आमच्या बुढ्याचं, म्हणजे नवऱ्याचं, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात मूतखड्याचं ऑपरेशन होतं. सोबत मुलगा, श्रीपत. दोन म्हशी आणि बाळंतीण सून कोणाच्या भरवशावर टाकणार, म्हणून मी घरीच थांबले. जाताना बुढ्यानं नवा सदरा मागितला, तर म्हटलं, परत आल्यावर घाला.

आता आमच्याकडे तार आली की वाचायच्या आधीच बाया रडायला बसतात. तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच ठाऊक. शेजारच्या गोकुळाच्या भावाला नोकरी लागल्याची तार आली, तर ही बाई डोक्यावरून पाणी घेऊन मोकळी... मग ओल्या लुगड्यानं गूळ वाटत फिरली.

म्हणून मी उलटा करार केला. श्रीपतला बजावलं, सगळं नीट झालं तर सोमवारी सकाळीच तार कर. वाईट झालं तर तार नको, स्वतः येऊन सांग. आपल्या हुशारीवर मी जाम खूश होते.

सोमवारची सकाळ गेली, तारवाला काही आला नाही. मी ज्वारी पाखडली... मग पाखडलेलीच पुन्हा पाखडली. सून आतून सारखी विचारत होती, तार आली का. तिला म्हटलं, आता म्हशीलाच पाठवते आणायला.

करार गोकुळाला माहीत होता. दुपारी ती येऊन बसली. नुसती माझ्या बांगड्यांकडे बघत होती.

उन्हं कलता कलता शेताकडच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला. चाल श्रीपतची. म्हणजे स्वतः आला... आणि डोकं उघडं. आमच्याकडे बाप गेल्याशिवाय पोरगा उघड्या डोक्यानं गावात शिरत नाही.

गोकुळानं माझा हात धरला. मी रडले नाही. तो घडी केलेला सदरा तेवढा डोळ्यांपुढे आला.

श्रीपत ओट्यापाशी आला, तांब्याभर पाणी घटाघट प्याला आणि म्हणाला, "माय, बा बरा हाये. खडा निघाला. चहा मागून राह्यला."

"मंग तू काऊन आला?"

"तार जाऊनच नाही राह्यली. म्हटलं, तार नाही भेटली तर तू बाले मेला समजशील."

"अन् फेटा?"

"गरमी होऊन राह्यली होती, माय."

घ्या. बापापाशी अकोल्यातल्या माझ्या भावाला बसवून हा धावत गाडीत बसला, पण आपलं येणं म्हणजेच वाईट बातमी, हे त्याच्या ध्यानातच नाही. गोकुळा आता कुठे रडायला लागली. म्हटलं, बाई, वेळ गेली, चहा टाक.

मग त्यानं तारबाबूचं सांगणं सांगितलं. सूर्यावर काळे डाग येतात म्हणे, तिथं वादळ उठतं. आपल्याला ना दिसतं ना लागतं, पण इथवर पोचलं की लांब लांब तारांमध्ये शिरतं. बॅटरी सोडवून ठेवली तरी यंत्र आपोआप टकटक करत होतं... आणि कोणाचाही निरोप पुढे सरकत नव्हता.

मी विचारलं, कपाशीला काही? तर नाही. माणसाला, म्हशीला? तेही नाही. फक्त तारेला बाधतं. म्हणजे अशी वादळं आमच्या आजीच्या काळातही येत असतील, पण तार नव्हती, तर कोणाला पत्ता... माझाच करार तेवढा त्याच्या वाटेत आला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून तार आली, बुढा बसून जेवला म्हणून. श्रीपतला सांगून ठेवलंय, यापुढे बातमी चांगली असो की वाईट, आधी फेटा बांध, मग गावात शिर.

सदरा काढून खुंटीला लावलाय. आज सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि वर सूर्याकडे पाहिलं... रोजच्यासारखाच, जसं काही केलंच नाही. दोन शब्द सुनावणार होते. पण हात जोडले आणि बांगड्या वाजल्या... म्हटलं, जाऊ दे, माफ.